चष्म्यावाचून पुन्हा अंगठाच?

मराठीत 'चाळिशी' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. वयाची चाळीस वर्षे म्हणजे चाळिशी आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्मा म्हणजेही चाळिशी. वय झाले की जवळचे अक्षर पुसट दिसते, सुईत दोरा जात नाही आणि त्यावर उपाय भिंगाचा, हे आपल्या समाजाला केव्हापासून ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, ही चाळिशी कोणाच्या नाकावर चढली आणि कोणाच्या नाही. खोताच्या, सावकाराच्या, तलाठ्याच्या नाकावर ती होती. आमच्या आजोबांच्या नाकावर नव्हती, कारण त्यांच्या हाती वाचायला कागदच दिला गेला नव्हता. कागद खोताच्या हातात, चष्मा खोताच्या डोळ्यावर आणि कागदाखाली अंगठा मात्र आमच्या आजोबांचा, असा तो जुना हिशेब होता.

तो हिशेब मोडण्याची लढाई याच जिल्ह्यात झाली. तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्यानंतर आमची पिढी शिकली. अंगठ्याच्या जागी सही आली. कोकणातल्या बौद्धवाड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत गेलेल्या माणसांनी रात्रशाळेत जाऊन अक्षर ओळखले आणि घरी पत्रे लिहिली. हे सर्व आपण जाणतोच.

पण आज त्याच पिढीच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडते आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. सही येणारा माणूस पन्नाशीत पुन्हा अंगठ्यावर येतो आहे. बँकेत फॉर्म पुढे केला की तो म्हणतो, "साहेब, तुम्हीच भरा, मला दिसत नाही." सातबारा दुसऱ्याकडून वाचून घेतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचता येत नाही. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा ज्यांनी चळवळीचे दिवस पाहिले ते भिंतीला टेकून नुसते ऐकतात आणि वाचण्याचे काम शाळकरी पोरावर येते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आता वय झालं, नजर गेली." नजर गेलेली नसते. फक्त शे-दीडशे रुपयांचे भिंग नाकावर आलेले नसते. साक्षर माणूस चष्म्याअभावी निरक्षर होतो आणि आपण त्याला वयाची गोष्ट म्हणून सोडून देतो. आमच्या मते ही वयाची गोष्ट नाही, हा वाचण्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

नजर आणि मजुरी

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दृष्टीविषयीचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचारच झालेला नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. या १०० कोटींत सर्वांत मोठा गट आहे तो जवळचा चष्मा न मिळालेल्यांचा, म्हणजे चाळिशीवाल्यांचा. तो ८२ कोटींहून अधिक आहे. याला ना शस्त्रक्रिया लागते, ना इंजेक्शन. लागते ते एक भिंग.

'आमचा माणूस कुठे पुस्तक वाचतो, त्याला चष्मा कशाला?' असे म्हणणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्यांनी आसामच्या चहामळ्यांत झालेला अभ्यास पाहावा. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर तो अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानखुडणी, न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशातील कष्टकऱ्यांवरील २०२४ च्या अभ्यासात तर चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने जास्त भरले. म्हणजे चष्मा हा शिकलेल्यांचा शौक नसून मजुराचे हत्यार आहे.

आता हेच आपल्या भागाला लावून पाहा. रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावात धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाणारी कुटुंबे राहतात. कारखान्यात मीटरचा काटा वाचायचा असतो, पिंपावरचे रसायनाचे नाव वाचायचे असते. ते चुकीचे वाचले तर काय होईल, हे सांगायला नको. पेणला गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ओळखला जातो तो त्याच्या नजरेवरून. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या कारागिराचे स्वतःचे डोळे चाळिशीनंतर कोण तपासतो? घरी शिलाई मशीनवर बसणारी ताई, तांदूळ निवडणारी आजी, बचत गटाची वही लिहिणारी सचिव, या सर्वांचे काम हातभर अंतरावरचे आहे. आणि वीटभट्टीवर वा कोळसा पाडायला बाहेरगावी जाणाऱ्या कातकरी बांधवाचे डोळे तर धुरात आणि धुळीतच जातात. त्याच्यापर्यंत तर कोणतेच शिबिर पोहोचत नाही.

कोणाकडे जावे?

डोळ्यांच्या बाबतीत आपल्या लोकांची सर्वांत मोठी फसगत होते ती माणसे न ओळखल्यामुळे. पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण 'डोळ्यांचा डॉक्टर' ठरतो. प्रत्यक्षात चार वेगवेगळे लोक आहेत.

पहिला नेत्रतज्ज्ञ. हा एमबीबीएस झाल्यावर डोळ्यांचा खास अभ्यासक्रम, म्हणजे एमएस, डीएनबी किंवा डीओ, पूर्ण केलेला डॉक्टर. रोगाचे निदान, औषध आणि शस्त्रक्रिया हे त्याचे काम. दुसरा ऑप्टोमेट्रिस्ट. हा डॉक्टर नसतो, पण नजर तपासण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला असतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्याच्या व्यवसायाला संलग्न आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे. नंबर काढण्यासाठी तो पुरेसा आहे आणि रोगाची शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हे त्याचे कर्तव्य आहे. तिसरा सरकारी रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी. हाही नंबर काढतो आणि मोतीबिंदूचे रुग्ण शोधून पुढे पाठवतो. चौथा चष्म्याचा दुकानदार. भिंग घासून फ्रेममध्ये बसवणे हे त्याचे कसब आहे आणि तो ते इमानाने करत असेल तर त्याचाही मान आहे. पण दुकानदाराला डोळ्याचा रोग कळत नाही.

मशीनमध्ये हनुवटी ठेवली, कागदाची पट्टी बाहेर आली आणि तोच नंबर भिंगाला दिला, हे बरोबर नाही. मशीन अंदाज देते. त्यानंतर तक्त्यासमोर बसवून, एकेक भिंग बदलून, 'आता बरे की मघाशी बरे' असे विचारून नंबर पक्का करावा लागतो. जो हे करत नाही त्याच्याकडून उठून यावे. मधुमेह असलेल्याने साखर आटोक्यात नसताना चष्मा करूच नये, कारण साखरेबरोबर नंबरही वर-खाली होतो आणि महिनाभरात नवा चष्मा निरुपयोगी ठरतो.

पुढील गोष्टींत मात्र चष्म्याच्या दुकानात न जाता थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. डोळा लाल होऊन दुखतो आहे. एकाएकी दिसेनासे झाले. डोळ्यापुढे विजा चमकतात, काळे ठिपके पडतात किंवा पडदा ओढल्यासारखे वाटते. दिव्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतात. भातकापणीत पाते लागून बुबुळ खरचटले. अशा वेळी मेडिकलवाल्याकडून मागून आणलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते, बुबुळावर फूल पडते आणि असे थेंब दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू व मोतीबिंदूही होऊ शकतो. रसायन किंवा चुना डोळ्यात गेला तर डॉक्टर शोधण्याआधी, त्याच जागी, स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. धाटावच्या प्रत्येक कामगाराच्या घरी ही एक ओळ भिंतीवर लिहून ठेवावी असे आम्हाला वाटते.

काचबिंदूबद्दल आणखी थोडे. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही आणि कडेकडेने नजर खात जातो. म्हणून चाळिशीचा चष्मा करताना एकदा डोळ्यातील दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर तपासणी चुकवूच नये. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा पाहून घ्यावा. खुद्द बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने पोखरले होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही अधू झाली होती. तशाही स्थितीत ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ची प्रस्तावना नजरेखालून घालण्यासाठी जवळ मागवून घेतली होती. त्यांच्या काळी मधुमेहाने बिघडणारा पडदा वाचवण्याचे आजचे उपचार नव्हते. आज आहेत. मग आपण तपासणीलाही का जात नाही?

दुकानात गेल्यावर

नंबराचा कागद हा तुमच्या मालकीचा आहे. पैसे देऊन तपासणी केली असेल तर तो मागून घ्यावा आणि चष्मा कोठून करायचा ते आपण ठरवावे. 'आमच्याच दुकानातून करा' अशी सक्ती कोणी करू शकत नाही. डॉक्टरांसाठी २००२ ची जी आचारसंहिता आहे तिने दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक केले आहे आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यास मनाई केली आहे. रुग्णाने आपले कागदपत्र मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असेही तीच आचारसंहिता सांगते. हे नियम आपण वाचत नाही, म्हणून ते आपल्या उपयोगाला येत नाहीत.

चष्म्याच्या किमतीत मोठा वाटा भिंगाचा नसून फ्रेमचा आणि त्यावरच्या नावाचा असतो. नजर सुधारते ती भिंगाने. म्हणून आधी भिंग कोणते, ते ठरवावे आणि मग परवडेल ती, कानावर-नाकावर नीट बसणारी साधी फ्रेम घ्यावी. फक्त जवळचे दिसत नसेल, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका नंबर नसेल तर बाजारात मिळणारा तयार चष्मा चालतो. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण अधिक एक ते दीड आणि साठीत अडीचच्या आसपास नंबर लागतो. तयार चष्म्याने डोळे बिघडतात हा गैरसमज आहे. पण त्याआधी एकदा डोळे तपासलेले असावेत, एवढीच अट. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल, तिरका नंबर असेल किंवा लांबचेही दिसत नसेल तर भिंग मापाने बनवून घ्यावे लागते. अशा चष्म्यात दोन बाहुल्यांमधील अंतर मोजून भिंगाचा मध्य बसवावा लागतो. ते मोजले नाही तर डोके दुखते आणि माणूस म्हणतो, 'चष्मा मानवला नाही.'

लांबचे आणि जवळचे असे दोन्ही नंबर असतील तर दुहेरी भिंगाचा साधा चष्मा पुरतो. रेष न दिसणारे प्रोग्रेसिव्ह भिंग चांगले असते, पण महाग असते आणि सवयीला वेळ लागतो. ते नाही घेतले म्हणून नजरेचे काही नुकसान होत नाही. दुसरा आग्रह असतो तो 'ब्लू कट'चा. मोबाइलचा निळा प्रकाश डोळे खराब करतो, असे सांगून जास्तीचे पैसे घेतले जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा ताण अशा भिंगांनी कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. ते पैसे वाचवावेत आणि त्यात घरातील दुसऱ्या माणसाचा चष्मा करावा.

पावती मागायला लाजू नये. सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरील जीएसटी ५ टक्क्यांवर आणला आहे. तो किती लावला ते पावतीवरच कळते. नवा चष्मा घालून दुकानाबाहेर दहा पावले चालावे आणि वर्तमानपत्राचे बारीक अक्षर वाचून पाहावे. दिसत नसेल तर त्याच दिवशी परत करावा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे.

फुकट मिळते ते मेहेरबानीने नव्हे

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ पासून चालू आहे. त्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत आहे, शाळकरी मुलांना चष्मा मोफत आहे आणि वृद्धांना जवळचा चष्मा देण्याचीही तरतूद आहे. वरसे गावच्या माणसाने सुरुवात रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून करावी, पेणकडच्याने पेणच्या उपजिल्हा रुग्णालयातून. तेथून पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे आणि गुंतागुंतीच्या आजारासाठी मुंबईचे जे. जे. रुग्णालय आहे. जाण्यापूर्वी नेत्रविभागाचा वार विचारून घ्यावा, म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा पडणार नाही. पनवेलला लक्ष्मी आणि शंकरा ही धर्मादाय स्वरूपाची नेत्ररुग्णालये आहेत. रोह्याहून तेथे रेल्वेने जाता येते.

धर्मादाय रुग्णालयाचे दार ठोठावताना मान खाली घालण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली आहे. त्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यांना सरकारकडून करसवलती मिळतात, त्याची ही परतफेड आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जावे आणि नाही म्हटले तर ते लेखी मागावे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधनही २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांवर घातले आहे. महात्मा फुले यांच्या नावाने आज चालणारी जनआरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. डोळ्याचा कोणता उपचार तीत बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. पासष्टी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. समाजकल्याण कार्यालयात तिच्या अर्जाची चौकशी करावी.

ग्रामपंचायतीलाही मोकळे सोडू नये. तिच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करण्याचे बंधन आहे. ती दरवर्षी कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारा. गटार आणि पेव्हर ब्लॉक यांच्या यादीत एकदा तरी डोळे तपासणीची मागणी लेखी द्या.

शिबिर कोणासाठी?

१४ एप्रिल आला की ठिकठिकाणी 'भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर' भरते. हेतू चांगला असतो आणि तरुणांची धडपड खरी असते. पण अनेक ठिकाणी शिबिरापेक्षा फ्लेक्स मोठा असतो. दुपारपर्यंत नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि चिठ्ठी घेतलेल्यांपैकी किती जणांच्या नाकावर चष्मा चढला, हे पुढे कोणी पाहत नाही. काही शिबिरे तर गिऱ्हाईक गोळा करण्यासाठीच असतात. म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांनी चार प्रश्न आधी विचारावेत. तपासणारा कोण आणि त्याचे शिक्षण काय? चष्मा मिळणार की फक्त चिठ्ठी? शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार? आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने कोण तपासणार?

शस्त्रक्रिया शाळेत, सभागृहात, तंबूत कधीही होऊ देऊ नये. २०१४ मध्ये पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात एका शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरिबांची दृष्टी गेली. २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरला एका रुग्णालयात एकाच दिवसात ६५ शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. जंतुसंसर्ग झाला आणि अनेकांचे डोळे काढावे लागले. हे डोळे कोणाचे होते? फुकट मिळते म्हणून गेलेल्या गरिबांचे. गरिबाला मोफत द्या, पण श्रीमंताला देता तेवढ्याच स्वच्छतेने द्या, ही आपली मागणी असली पाहिजे.

ते शक्य नाही असे कोणी म्हणेल तर त्याला मदुराई दाखवावे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये तेथे अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. ज्यांना परवडते त्यांच्या पैशातून ज्यांना परवडत नाही त्यांची शस्त्रक्रिया करण्याची रीत त्यांनी बसवली. परदेशी भिंगे महाग पडतात म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि मोतीबिंदूच्या भिंगाची किंमत कित्येक पटींनी खाली आणली. म्हणून 'परदेशी भिंग घ्या, नाहीतर नीट दिसणार नाही' असे सांगणाऱ्याला घाबरू नये. टाके न घालता छोट्या छेदातून होणारी साधी शस्त्रक्रिया आणि महागडी फेको शस्त्रक्रिया यांची तुलना नेपाळमध्ये २००७ च्या अभ्यासात झाली. दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आले. आणि मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचे ही गोष्ट आता जुनी झाली. कामात अडचण येऊ लागली की तेव्हाच शस्त्रक्रिया करावी.

मुलांचे डोळे आणि आपला विवेक

मोठ्यांचे निदान तोंड तरी असते. मूल सांगत नाही, कारण आपल्याला जसे दिसते तसेच सर्वांना दिसते, असे त्याला वाटते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ते मागे पडते आणि मास्तर त्याला 'ढ' ठरवतात. आमच्या वस्तीतल्या मुलाला 'ढ' ठरवायला या व्यवस्थेला फार कारणे लागत नाहीत. निदान हे एक कारण तरी आपण शिल्लक ठेवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायची असते. पथक कधी आले, किती मुलांना चष्मे लागले आणि किती मिळाले, हे मुख्याध्यापकांना विचारणे पालकांचा हक्क आहे. तिरळेपणा 'नशिबाचा' म्हणून सोडू नये. एक डोळा आळशी पडला तर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले पाहिजेत. पुढे ते अवघड होत जाते. मुलीला चष्मा लागला तर लग्न जमणार नाही, या भीतीने तिचा नंबर लपवणारे आईबाप आजही आहेत. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्या घरात हे शोभत नाही.

डोळ्यांत मध, दूध, अंगारा घालणारेही आहेत. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळतात आणि इकडे बुबुळावर फूल पडते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे थांबले पाहिजे. पाली परंपरेत चक्खुपाल थेरांची कथा आहे. ते आंधळे का झाले याचे कारण कथेत असे दिले आहे की, मागल्या जन्मी वैद्य असताना त्यांनी एका स्त्रीच्या डोळ्यांत मुद्दाम घातक औषध घातले, कारण तिने कबूल केलेला मोबदला देण्याचे टाळले होते. मागल्या जन्माचा भाग बाबासाहेबांचा अनुयायी मानणार नाही. पण मोबदल्यासाठी रुग्णाचा डोळा घालवणारा वैद्य हा मोठा अपराधी, एवढे त्या कथाकारालाही कळत होते. आजच्या बाजाराला ते कळावे, एवढीच अपेक्षा.

कारखान्यातील बांधवांना एक सांगणे. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होते. त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने घेतली असली तरी कामगाराची सुरक्षितता ही मालकाचीच जबाबदारी आहे. ठेकेदाराचा कामगार असला तरी गॉगल मागावा आणि वेल्डिंग करताना काळी काच वापरावी. गॉगल कपाळावर ठेवून काम करण्यात मर्दुमकी नाही.

विहारात एक तक्ता

आम्ही फार मोठी योजना मांडत नाही. प्रत्येक बुद्धविहाराच्या भिंतीवर नजर तपासण्याचा एक मराठी तक्ता लावावा आणि त्यापासून सहा मीटरवर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर, जमिनीवर एक रेघ मारावी. शिकलेल्या दोन मुलामुलींनी रविवारी एकेक डोळा झाकून सर्वांची नजर पाहावी आणि वहीत लिहावी. त्यांनी नंबर काढू नये. कोणाला दवाखान्यात न्यायचे, एवढेच ठरवावे. दहा-पंधरा जण झाले की एक जीप करून एकाच दिवशी सर्वांना रोह्याला न्यावे. परत आल्यावर कोणाला चष्मा मिळाला आणि कोणाला नाही, हे त्याच वहीत लिहावे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे एक तासाचे भाडे बाजूला काढले तरी वस्तीतल्या कित्येक जणांच्या जवळच्या चष्म्याचा खर्च निघेल. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी, महिला मंडळांनी हे मनावर घ्यावे. कातकरी वाडीवरच्या माणसालाही त्याच जीपमध्ये जागा द्यावी.

बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. त्या फोटोत चष्मा आहे आणि बहुतेक वेळा हातात पुस्तक आहे. फोटोला हार घालणाऱ्या आपल्या आईला त्याखाली लिहिलेली अक्षरे वाचता येतात का, हे आज रात्री तिला विचारा. तिला वाचता येत नसतील तर कारण निरक्षरता आहे की नुसती चाळिशी, तेही विचारा. निरक्षरता घालवायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. चाळिशीसाठी एक दिवसाची रजा पुरते.

जय भीम!